फुटपाथवर राहणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात आपण मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांचे फोटो छापले होते, त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. बरेचजण चिडलेत, काहींना वाईट वाटलंय आणि दोघा-तिघांनी तर शहराची बदनामी करता म्हणून आम्हालाच झापलंय, असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं घातली नाहीयेत.

ताई, मी रोज डोंबिवलीहून मशीद बंदरला कामाला येतो. तिथे फुटपाथवर चांगली धडधाकट माणसं दुपारी बारा वाजता आडवी पडलेली दिसतात. आम्ही लोकलला लटकून नोकऱ्या करायच्या आणि ह्यांनी झोपा काढायच्या? काम का करत नाहीत हे लोक?
— एक वाचक, डोंबिवली

दादा, दुपारी बाराला झोपलेला माणूस रात्री दोनला काय करत होता ते तुम्हाला कसं दिसणार, तेव्हा तुम्ही डोंबिवलीत घरी असता. दिवसा दक्षिण मुंबईत जड गाड्यांवर निर्बंध असतात त्यामुळे बरेचसे ट्रक रात्री खाली होतात, आणि ते खाली करणारी माणसं हीच. भाऊच्या धक्क्यावर मासळी पहाटे उतरते, दादरला फुलांच्या गाठी पहाटे सुटतात, लग्नाच्या सीझनला केटररकडे भांडी घासणारी आणि मंडप सोडवणारी पोरं रात्री दीड-दोनला मोकळी होतात, तेव्हा लोकल बंद झालेली असते आणि असली चालू तरी जायचं कुठे हा प्रश्न असतोच. बायका गजरे ओवतात, भंगार-प्लॅस्टिक वेचतात, मच्छी साफ करून देतात, चार घरची धुणी-भांडी करतात. २००२ साली वांद्र्याला एका दुकानाबाहेर झोपलेल्या माणसांच्या अंगावरून गाडी गेली, एक जण गेला, बाकीचे जखमी झाले, ती केस तुम्हाला आठवत असेल. ती झोपलेली माणसं जवळच्या बेकरीत काम करणारी होती हो, पाव भाजून बाहेर येऊन झोपायची. बेघर म्हटलं की रिकामटेकडा असं आपण धरूनच चालतो, आणि त्या केसनंतरही रस्ता काय झोपायला असतो का हेच जास्त लोकांनी विचारलं.

आता हिशोब बघा. नाक्यावरच्या बिगारी माणसाला काम लागलं तर दिवसाला पाचशे-सातशे मिळतात, पण महिन्यातले निम्मे दिवस काम लागतच नाही, पावसाळ्यात तर त्याहून कमी. गोवंडी-मानखुर्दकडे दहा बाय दहाची खोली घ्यायची तर पाच-सहा हजार भाडं आणि वर एकरकमी डिपॉझिट. भाडं एकवेळ ओढाताण करून निघेल, पण डिपॉझिट कुठून आणायचं, कारण सकाळी कमवून रात्री खाणाऱ्याकडे एकरकमी असं काही साठतच नाही, साठलं तरी गावाकडे आजारपणात जातं, आणि फुटपाथवर ठेवलेला पैसा चोरीला जातो ते वेगळंच. नालासोपाऱ्याच्या पुढे खोली स्वस्त मिळते हे मान्य, पण नाका सकाळी सात-आठला भरतो आणि तिकडून रोज यायचं म्हणजे पास, वेळ, आणि काम नाही लागलं तर दोन्ही फुकट. म्हणून कामाच्या जागेपासून चालत पाच मिनिटांवर जो तुकडा सापडेल तिथे माणूस अंग टाकतो. ही काही माझी थिअरी नाही, १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानेच हे लिहून ठेवलंय, की हे लोक फुटपाथ निवडतात कारण त्यांचं काम जवळपास असतं आणि तिथून हुसकलं तर त्यांची रोजीरोटीच जाते. (त्याच निकालात नोटीस देऊन पावसाळ्यानंतर हटवायची मुभा पण दिली, हे निकालाचं गुणगान करताना आपण सांगत नाही.)

माझे आजोबा कणकवलीहून बोटीने मुंबईला गेले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. ते नाही राहिले फुटपाथवर. गिरणीत लागले, संसार केला, आम्हाला शिकवलं. मग आत्ताच्या लोकांना का जमत नाही? इच्छाशक्ती कमी पडते असं मला तरी वाटतं.
— एक वाचक, सिंधुदुर्ग

सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. आजोबांना विचारता आलं असतं तर एकच विचारायचं, पहिल्या रात्री मुंबईत झोपलात कुठे? माझी खात्री आहे, उत्तर आलं असतं, गावाच्या खोलीवर.

लालबाग-परळला कोकणातल्या कितीतरी गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. महिन्याला थोडीशी वर्गणी, भिंतीला लावलेल्या ट्रंका, दोरीवर कपडे, आणि एकाच खोलीत वीस-पंचवीस माणसं. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकायचा. जेवण खाणावळीत, पैसे पगाराला. गोव्याहून बोटीवर नोकरी शोधायला आलेल्यांसाठी धोबी तलावला गावागावांचे कूड होते, तिथेही तसंच, एक पेटी आणि झोपायला जागा. म्हणजे हात हलवत आलेल्या माणसाला पहिल्या रात्रीपासून छप्पर होतं, गाववाला जामीन होता आणि गिरणीत ओळखीने चिकटवणारा कोणीतरी होता. तुमच्या आजोबांची मेहनत खरीच, ती कोण नाकारतंय, पण त्या मेहनतीला पाय ठेवायला एक पायरी होती.

ती पायरी आपण काढून घेतली. १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या, साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास बाहेर सगळ्यांत मिळून, लोक नावं ठेवायचे पण कामगाराला परवडायच्या. पुढे १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, आत असलेल्या भाडेकरूंचं भलं झालं, आणि नवीन कोणी भाड्याने द्यायला म्हणून स्वस्त चाळ बांधायचंच बंद केलं. कोण बांधणार? आहे त्या खोल्या पागडीवर गेल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बसल्या, कायमची नोकरी गेली, तिच्याबरोबर पगारदार माणसाला उधारीवर जेवण आणि जागा मिळण्याची सोयही गेली. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. आत्ता लालबागच्या टॉवरमध्ये प्लास्टर करायला जो बिगारी येतो, त्याला लालबागमध्ये झोपायची परवडणारी एकही अधिकृत जागा नाहीये. इच्छाशक्ती त्याच्याकडे तुमच्या आजोबांएवढीच आहे, बहुतेक जास्तच असेल.

आणि घरं नाहीत म्हणून हे असं आहे असंही समजू नका. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार माणसं बेघर मोजली गेली आणि त्याच जनगणनेत याच शहरात साधारण ४ लाख ८० हजार घरं रिकामी सापडली. रिकामी म्हणजे कुलूप लावून ठेवलेली, गुंतवणूक म्हणून घेतलेली, भाडेकरू घुसून बसेल या भीतीने न दिलेली, वादात अडकलेली. त्यातलं एकही पाचशे रुपये रोजावाल्याला मिळणार नाही हे मलाही कळतं. पण दर वेळी घरांचा तुटवडा म्हणून आपण जे बोलतो ते इतकं सरळ नाही.

हे सगळे परप्रांतीय आहेत, हे तुम्ही का लिहित नाही?
— नाशिकहून तीन वाचक (एकाच आशयाचे मेल)

कारण ते खरं नाही. काही आहेत, नाही असं नाही, पण २०११ला देशभरात १७ लाख ७० हजारांवर बेघर मोजले गेले त्यातले २ लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशनंतर आपलाच नंबर, आणि ते फक्त मुंबईत नाहीत तर अख्ख्या राज्यात, गावखेड्यात पण आहेत. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूर-नगर भागातून जी कुटुंबं मुंबईला आली त्यातल्या काहींची तिसरी पिढी आज त्याच फुटपाथवर आहे. स्पार्क संस्थेने १९८५ साली भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवरची सुमारे ६ हजार कुटुंबं मोजली, तेव्हा पण लोक म्हणायचे हे काल आलेत आणि उद्या जातील, तर कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच राहत असल्याचं निघालं.

सिग्नलला गजरे आणि फुगे विकणारी पोरं बघता ना, त्यातली बरीच फासेपारधी समाजाची असतात. आपल्याच मातीतले लोक, मराठी बोलतात. इंग्रजांनी १८७१ला कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की पोलीस पहिले पारध्याच्या पालावर, गावाच्या हद्दीत वस्ती करू देत नाहीत, जमीन नाही, मग ते शहरात येतात आणि शहरातही खोली द्यायच्या आधी आडनाव विचारतात. पारधी म्हटलं की घरमालक नाही म्हणतो, हे मी कित्येकदा ऐकलंय, एरवी फार सज्जन असलेल्या माणसांच्या तोंडून.

सरकारने रात्रनिवारे बांधलेत, आम्हीच कर भरतो त्यासाठी. मग ही माणसं तिथे जात का नाहीत? पुलाखालीच राहायची हौस आहे का?
— निवृत्त शिक्षिका, चिंचवड

बाई, आधी बांधलेत किती ते बघू. सुप्रीम कोर्टाने २०१०मध्ये, अन्न अधिकाराच्या खटल्यात, सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तो पण चोवीस तास आणि बाराही महिने. मुंबईची २०११ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यासाठी पैसे होते, माणशी ५० चौरस फूट जागा असावी असंही लिहिलं होतं, पण महापालिकेला जागा सापडत नाही. आणि सापडली तर शेजारच्या सोसायटीचे लोक मोर्चा आणतात, आमच्या इथे नको म्हणून. हे करणारे लोक तुमच्या-माझ्यासारखेच, करदातेच असतात.

आता जे आहेत तिथे का जात नाहीत. बरेचसे निवारे एकट्या पुरुषांसाठी, काही बायकांसाठी. नवरा-बायको-तीन पोरं असं कुटुंब असेल तर नवरा एका वॉर्डात आणि बायको दुसऱ्या, पोरगा बारा-चौदाचा झाला की तो आईजवळ चालत नाही, कोण राहील असं? हातगाडी, भंगाराची गोणी, विकायचे फुगे हे सगळं सामान आत नेता येत नाही आणि बाहेर ठेवलं तर सकाळी नसतं. पहाटे तीनला मार्केटला जायचं असेल तर गेट बंद. ओळखपत्र मागतात. काही ठिकाणी ढेकूण एवढे की माणूस बाहेर उघड्यावर बरा. काही निवारे खरंच छान चालवलेत, संस्थांची माणसं जीव तोडून काम करतात, तिथे जागा रिकामी नसते, हेही लिहायला हवं. आणि टाटा हॉस्पिटलच्या बाहेर परळला जे झोपतात त्यांना तर बेघर म्हणावं की काय कळत नाही, गावी घर आहे, कॅन्सरच्या उपचाराला आलेत, केमो चालते महिनोन्महिने, लॉज परवडत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे म्हणून निदान काही जणांची सोय होते, नाहीतर ड्रिप लावलेला माणूस रात्री फुटपाथवर असं चित्र अजून जास्त दिसलं असतं.

फुकट घर दिलं तरी विकून परत फुटपाथवर येतात हे लोक, आमच्या बोरिवलीत सगळ्यांना माहीत आहे. मग कशाला द्यायचं?
— एक वाचक, बोरिवली

काही विकतात. तुम्ही म्हणता ते अगदी खोटं नाही. पण फुकट घर मिळालेले फुटपाथवाले मोजायला बसलात तर फार मिळणार नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या नियमात फुटपाथवरचे लोकही धरलेत, फक्त ठरलेल्या तारखेच्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो, आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, आता पैसे भरून २०११पर्यंत. पुरावा म्हणजे कागद, आणि कागद फुटपाथवर टिकत नाही. पावसात भिजतो, उंदीर खातात, आणि महापालिकेची गाडी येते तेव्हा ताडपत्री, भांडी, पोरांची दप्तरं, कागदाची पिशवी असं सगळंच गाडीत जातं. वीस वर्षं एका जागी राहिलेला माणूस कागदावर परवा आलेला असतो.

ज्यांना मिळतं त्यांना कुठे मिळतं तेही बघा. माहूलला, रिफायनरीच्या कुशीत इमारती बांधून तिथे पाण्याच्या पाइपलाइनवरच्या झोपड्यांतली माणसं पाठवली, लोक आजारी पडायला लागले, शेवटी २०१९ला हायकोर्टाने सांगितलं की त्यांना तिथे राहायची जबरदस्ती करू नका, भाडं द्या. कामापासून दोन तास लांब सातव्या मजल्यावर घर, लिफ्ट बंद, मेंटेनन्स आणि लाइट बिल चालू, आणि घरकामाची चार घरं सुटलेली. अशा घराचं काय करेल माणूस? तुमची बदली चंद्रपूरला झाली आणि बोरिवलीतला फ्लॅट ठेवलात किंवा विकलात, तर कोणी तुम्हाला लबाड म्हणतं का?

उलटं उदाहरणही आहे ना. त्याच भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६ला महिला मिलन ही संघटना सुरू केली, रोजचे रुपया-दोन रुपये साठवले, कापड आणि बांबू लावून खऱ्या मापाचे घराचे नमुने उभे केले, मोरी कुठे, माळा केवढा ते स्वतः ठरवलं, अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडल्या, आणि मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. वेळ लागला, खूप लागला. पण सगळी गल्ली एकत्र गेली.

भीक द्यावी की नाही? यामागे मोठी टोळी असते आणि भिकारी लखपती असतात असं व्हिडिओत दाखवतात.
— ठाणे, पुणे, सांगली, बऱ्याच जणांचा प्रश्न

पहिलं म्हणजे भीक मागणारा आणि बेघर हे एकच नाहीत, फुटपाथवर राहणाऱ्यातले बहुतेक भीक मागत नाहीत आणि मागणाऱ्यातल्या काहींना झोपडपट्टीत खोली असते. लखपती भिकाऱ्याची बातमी होते कारण तो हजारात एक असतो. लहान मुलांना धाकाने भीक मागायला लावण्याचे प्रकार घडतात, तसा संशय आला तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, व्हिडिओ काढत बसू नका.

मला जास्त राग येतो तो कायद्याचा. आपल्याकडे १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे, त्यात भीक मागताना सापडला की पोलीस उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात टाकू शकतात, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, परत परत सापडत राहिला तर दहा वर्षांपर्यंत. दहा! आणि व्याख्या एवढी सैल की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर फिरतोय एवढंही पुरतं, त्यामुळे कामाला निघालेला बेघर मजूरही त्यात अडकतो. दिल्ली हायकोर्टाने २०१८ला दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं रद्द केली. २०२१ला भीक मागण्यावर बंदी घालायची मागणी सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा कोर्ट म्हणालं की आम्ही असा उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही, लोक नाइलाज म्हणून मागतात.

द्यावी की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा बाबा. मी कधी देते, कधी नाही. फक्त न देताना प्रवचन देऊ नका.

इथे सॅन होजेत रस्त्यावर तंबूच तंबू आहेत आणि सगळे ड्रग्जवाले. भारतातलं कारण गरिबी असेल, पण इथे तर व्यसनच आहे ना?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

व्यसन आहे, ते दिसतंही जास्त. पण ओव्हरडोसने मरणाऱ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं वेस्ट व्हर्जिनियात सगळ्यात जास्त राहिलंय, आणि तिथे बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी कमी आहे. व्यसनी माणसाला तिथे भाडं परवडतं किंवा भावाच्या घरात एक जादा खोली असते, तुमच्याकडे नोकरी असलेला माणूस गाडीत झोपतो. जानेवारी २०२४च्या मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७१ हजार बेघर निघाले आणि त्यातला मोठा वाटा महागड्या भाड्याच्या राज्यांत आहे. आणि कितीजण आधी रस्त्यावर आले आणि मग थंडी, भीती, झोप न लागणं ह्यापायी प्यायला लागले, ते बाहेरून बघून कळत नाही. आपल्याकडे दारूचंही तेच.

आमच्या कोल्हापुरात एसटी स्टँडवर एक बाई बरेच दिवस आहेत, स्वतःशी बोलतात, कपड्यांचं भान नसतं. लोक वडापाव देतात आणि जातात. पोलिसांना सांगितलं तर आमचं काम नाही म्हणाले. काय करू?
— कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर

त्यांचंच काम आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० काढून दाखव. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजारी व्यक्ती हद्दीत फिरताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध पण घ्यायचा. तोंडी सांगू नकोस, लेखी अर्ज दे आणि पोच घे, दोन मैत्रिणी आणि एखादे वकील काका बरोबर ने. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि तोवर त्या बाईंशी एकटीने जबरदस्ती करू नकोस, ओढून कपडे घालायला जाऊ नकोस, त्या घाबरतील.

यांना कोणी नाही असं धरून चालू नका. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन हेच काम करते, २०१८ला त्यांना मॅगसेसे मिळालं. रस्त्यावरची मानसिक रुग्ण माणसं आणायची, औषधं सुरू करायची, आणि माणूस भानावर आला की स्वतःच गावाचं नाव सांगतो, मग त्याला घरी पोचवायचं. अशी हजारो माणसं घरी गेलीत. बऱ्याच घरांत तोवर वर्षश्राद्धं उरकलेली असतात.

आम्ही सोसायटीतली मुलं दर डिसेंबरला ब्लँकेट वाटतो. मागच्या वर्षी एक आजोबा म्हणाले, पाच झालीत, नको. थोडं वाईट वाटलं. अजून काय करता येईल?
— ठाण्याचा एक ग्रुप

वाईट कशाला वाटायला पाहिजे, खरं सांगितलं त्यांनी. मुंबई-ठाण्यात थंडी चार दिवस, पाऊस चार महिने. द्यायचंच असेल तर मे महिन्यात जाड ताडपत्री आणि दोरी द्या, झिप लागणारी प्लॅस्टिकची फाइल द्या, कागद ठेवायला. बायकांना विचारलंत तर त्या संडासाबद्दल बोलतील, पैसे देऊन वापरायचा, रात्री बंद होतो, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत कित्येकजणी. तुमच्या वॉर्डातलं सार्वजनिक शौचालय रात्रभर उघडं राहावं म्हणून नगरसेवकाच्या मागे लागलात तर ते शंभर ब्लँकेटपेक्षा जास्त कामाचं होईल, फोटो मात्र निघणार नाहीत.

आणि कागदपत्रं करून द्या. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे बऱ्याच अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. फॉर्म ६ भरायचा, जिथे झोपतो ती जागा लिहायची, मग बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे जाऊन हा माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, तेही एकाहून जास्त रात्री. फॉर्म भरायला बसाल तेव्हा बीएलओचा नंबर घेऊन ठेवा आणि त्या रात्री तुमच्यातलं कोणीतरी तिथे थांबा, नाहीतर तो येतच नाही. मतदार ओळखपत्र हातात आलं की बँकेचं खातं आणि रेशनकार्डाचा रस्ता जरा तरी उघडतो. मुलांच्या शाळेचंही तसंच, शिक्षण हक्क कायद्यात जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्षाच्या मध्येच आला तरी घ्यावं लागतं, मुख्याध्यापक नाही म्हणाले तर त्यांच्याकडून ते कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की प्रवेश मिळतो.